बिनपायांची बुरशी

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
दि. ८ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
अश्लेषाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानाचं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून तू ते कपाटात टाकलंस आणि फोन उचलणंच सोडलंस, हे बाबांना मुळीच पटलेलं नाही. मला मात्र बरं वाटलं. फोनवर मी जेवलीस का यापुढं जातच नव्हते. आता निदान कागदभर बोलेन.

बातमी अशी की मला एक बुरशी सापडलीय. हसू नकोस, पावाला येते तसली नाही. खुलताबादच्या डोंगरावर दगडाबाईंच्या शेताच्या बांधाला करवंदीच्या जाळ्या आहेत, त्यांच्या पानांवर काळे ठिपके दिसतात, शाईचे शिंतोडे उडाल्यासारखे. नुसत्या डोळ्यांना घाण वाटते. मायक्रोस्कोपखाली ठेवलं की त्या ठिपक्यात बारीक बारीक गोल ढाली दिसतात आणि पिकल्या की त्या मधोमध चांदणीसारख्या उकलतात. दगडाबाईंनी परवा मला विचारलं की चांगली पानं सोडून तू ही रोगट पानं कामून तोडती, आणि ह्याचा तुला पगार भेटतो का. मी म्हटलं, भेटतो, पण तासाप्रमाणं. त्यावर त्या लई हसल्या.

खोटं नाही ते. कॉलेजात अजून तासिका तत्त्वावरच शिकवतेय आणि तिथंच बद्रीनाथ सरांच्या हाताखाली पीएच.डी. चाललीय. सरांनी स्लाइड पाहिली आणि ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, ही आपल्याला माहीत असलेल्या कुठल्याच वंशात बसत नाही. तुझ्यासाठी सोपं करून सांगते. वंश म्हणजे आडनाव आणि जाती म्हणजे पाळण्यातलं नाव. नवी जाती कुणाला ना कुणाला दर वर्षी सापडते. नवा वंश म्हणजे जगात नवं आडनावच आलं. सरांनी तिथूनच संस्थेच्या अध्यक्षांना फोन लावला, आणि अध्यक्षांच्या वडिलांचं, कै. दादासाहेबांचं नाव या वंशाला द्यायचं असं फोनवरच ठरलं. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. पुढच्या वर्षी कायम जागा निघेल तेव्हा तुझाच विचार आधी होईल, असंही सर म्हणाले.

आईनं तुझ्यासाठी मेतकूट दिलंय, सोबत पाठवतेय. लोभ आहेच, तो पत्रागणिक थोडा वाढव.

तुझी
अश्लेषा


अंबाजोगाई
दि. २२ सप्टेंबर २०२४

चि. अश्लेषास,
प्रमोदिनीआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

मेतकूट पोचलं, निम्मं संपलंही. तुझं पत्र मी शेजारच्या रूपाला मोठ्यानं वाचून दाखवलं. किती मोठ्यानं ते मला कळलं नाही, पण समोरच्या गच्चीवरचे लोकही तुझ्या बुरशीबद्दल विचारू लागलेत.

माझ्या मोगऱ्याच्या पानांवरही काळं आलंय. दोन पानं पाकिटात घातलीत. वंशबिंश निघाला तर आधी मला कळव, मगच अध्यक्षांना.

आता बाईंचा स्वभाव म्हण हवं तर. मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, शेवटी मुख्याध्यापिका होते. नवं मूल आलं की पटावर नाव चढवण्याआधी मी त्याचा जुन्या शाळेचा दाखला मागायची. तुझ्या या मुलीचा दाखला कुणी मागितलाय का? ती खरंच कुणी पाहिली नाही, की पाहून विसरले? पेढे वाटून झालेत हे खरं, पण पेढे काय, पचतात.

तब्येतीला जप. बांधावरून फिरताना पायात बूट घाल, सँडल नको. इथून रोज एक आशीर्वाद निघतो, पोचतो की नाही ते तूच सांग.

तुझी
आत्या


पुंडलिकनगर
दि. १ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या मोगऱ्यावर नुसती काजळी आहे, मावा पडला की येते. ओल्या फडक्यानं पुसून टाक.

दाखल्याचं तुझं म्हणणं माझ्या डोक्यातून जाईना. दिवाळीच्या सुट्टीत जुने अहवाल काढून बसले. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी सिलोनच्या एका चहामळ्यावरच्या डॉक्टरला जंगलातल्या झाडाच्या पानावर अशीच बुरशी सापडली होती. त्यानं तिचा वेगळा वंश केला, नाव ठेवलं मेलॅनोथायरिस. पुढं एका मोठ्या पंडितानं ते पान न बघताच तिला शेजारच्या मोठ्या वंशात ढकलून दिलं. तेव्हापासून तिचं नाव कुणी घेतलं नाही. ते पान मात्र परदेशातल्या एका संग्रहालयात जपून ठेवलंय. तिथल्या बाईंना मी लिहिलं. त्यांनी त्याचा बारीक तुकडा मायक्रोस्कोपखाली घालून फोटो पाठवले.

आत्या, तीच आहे. शेजारच्या वंशातल्या बुरशीच्या तंतूंना बाजूनं बारीक गाठी असतात, पानाला धरून बसायला. आम्ही आपसात त्यांना पाय म्हणतो. सिलोनच्या बुरशीला पाय नाहीत. माझ्या बुरशीलाही नाहीत. ती पानाच्या श्वासाच्या छिद्रांतून आत शिरते. आणखीही खुणा जुळतात, त्या सांगून तुला छळत नाही. म्हणजे वंश नवा नाहीच. जुना आहे आणि नाहक बुडवलेला आहे. माझी ती फार तर त्यातली दुसरी जाती.

दोन दिवस मी रडले. मग वाटलं, रडतेय कशाला? नवं आडनाव काढणारे पुष्कळ आहेत. ज्याचं आडनाव कुणीतरी न बघता पुसून टाकलं, त्याला ते परत मिळवून देणं मला जास्त मोलाचं वाटायला लागलं.

सरांना सांगितलं तर त्यांनी आधी केबिनचं दार लावून घेतलं. म्हणाले, ते सिलोनचं पान जगात चार माणसांनाही माहीत नाही, आपण लेखात त्याचा उल्लेखच करायचा नाही. पेपरात बातमी येऊन गेलीय, जानेवारीत समारंभ आहे, अध्यक्षांनी मंत्र्यांना बोलावलंय. मी म्हटलं, सर, चार माणसांना माहीत नसेल, पण मला माहीत झालंय, आता मी काय करू? त्यांनी लेख पुढं सरकवला. मी सही केली नाही.

बाकी सगळं ठीक आहे, काळजी करू नकोस. तुझा लोभ माझ्यावर आहे, तसाच थोडा सिलोनच्या डॉक्टरवरही असू दे. बिचारा खरं बोलला होता.

तुझी
अश्लेषा


पुंडलिकनगर
दि. १६ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
श्रीरंगचा सा. न. वि. वि.

हे पत्र अश्लेषाला न सांगता लिहितोय. बाकी सगळं ठीक आहे असं तिनं तुला कळवलं असेल. काहीही ठीक नाही. तिचे सगळे तास काढून घेतलेत. प्रयोगशाळेची किल्लीही घेतली. पोरगी रोज सकाळी डबा घेऊन घरातून निघते आणि औरंगपुऱ्यातल्या वाचनालयात जाऊन बसते. माझ्या जुन्या ऑफिसातल्या एकानं तिला तिथं पाहिलं, म्हणून मला कळलं. आम्हाला वाटत होतं ती कॉलेजात जातेय.

रविवारी बद्रीनाथ सर घरी येऊन गेले. फार गोड बोलले. मुलगी हुशार आहे म्हणाले, पण प्रबंधावर शेवटी माझी सही लागते, आणि एका हट्टापायी इतक्या वर्षांची मेहनत फुकट जायला नको. चहा घेतला, हिच्या हातच्या चकल्यांचं कौतुक केलं आणि गेले. ते गेल्यावर मी घामानं भिजलो होतो, डिसेंबरात.

मला बुरशीतलं काही कळत नाही. सरकारी कचेरीत जन्म गेला. साहेबानं चुकीचं टिपण पुढं केलं की खाली बारीक अक्षरात आदेशानुसार असं लिहून सही करायचो. त्यावर हे घर उभं राहिलं, ती शिकली. दादासाहेबांचं नाव एका काळ्या ठिपक्याला दिलं तर कुणाचं काय बिघडतं? तो ठिपका तक्रार करायला येणार आहे का?

ती माझं ऐकत नाही, तुझं ऐकते. लहानपणापासून तुझंच वारं लागलंय तिला. तू तिला चार ओळी लिही, समजव. एवढं माझ्यासाठी कर. लोभ धरतेस तसा या वेळी थोडा मुलाहिजाही धर.

तुझा
श्रीरंग


अंबाजोगाई
दि. २० डिसेंबर २०२४

चि. श्रीरंगास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी आधी पोहे करून खाल्ले, मग लिहायला बसले. उपाशीपोटी लिहिलं असतं तर तुझी धडगत नव्हती.

लग्नात ताटातल्या तांदळात माझं नाव सुनंदा लिहिलं होतं, ते तुला आठवत नसेल. तू तेव्हा जिलब्या मोजत होतास. सासरी वर्षभर मला त्या नावानं हाका मारल्या. मी एकदाही ओ दिली नाही. स्वयंपाक केला, धुणी धुतली, सगळ्यांच्या पाया पडले, ओ तेवढी दिली नाही. शेवटी दाजींनीच एकदा चारचौघांत प्रमोदिनी म्हणून हाक मारली आणि प्रकरण मिटलं. त्यात मोठी मर्दुमकी नव्हती. माझं नाव होतं, एवढंच. तेव्हा नावानं कुणाचं काय बिघडतं हे तू निदान मला तरी विचारू नकोस.

अश्लेषाला मी समजावणार नाही. त्या गोड बोलणाऱ्याचं तू चहा पाजून ऐकून घेतलंस. पोटच्या पोरीचं ऐकलंस का? ती काय म्हणते ते बघायला मागितलंस का एकदा तरी?

निवृत्त झाले तेव्हा शाळेनं मला मायक्रोस्कोप भेट दिला होता, तो शोकेसमध्ये धूळ खात पडलाय. उद्या एसटीच्या पार्सलनं पाठवतेय. स्टँडवरून तू स्वतः जाऊन आण. तिच्या स्लाइडी माग, डोळा लाव आणि त्या बुरशीला पाय आहेत का ते शोध. सापडले तर मला कळव, मी त्याच दिवशी तिला लिहून समजावते. नाही सापडले तर पुन्हा मला असलं पत्र लिहायचं नाही.

रागावलेय, पण आशीर्वाद रागाच्या वरचेच आहेत.

तुझी
ताई


पुंडलिकनगर
दि. २० जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू बाबांना काय लिहिलंस ते काही केल्या सांगत नाहीत. एक दिवस ते स्टँडवरून खोकं घेऊन आले, जेवणाच्या टेबलावर मायक्रोस्कोप मांडला आणि माझ्या स्लाइडी मागितल्या. तेव्हाच मला कळलं की माझे तास गेलेत आणि मी दिवसभर वाचनालयात बसते, हे यांना माहीत झालंय. मी स्लाइड लावून दिली. मग रोज तेच. आधी पायवाली बुरशी बघायची, मग माझी. एकदा ओरडले, सापडला! ती त्यांची स्वतःची पापणी होती. आठवड्याभरानं चष्मा पुसत म्हणाले की नाहीत बुवा. आणि उठून गेले.

काल समारंभ झाला. पत्रिकेवर माझं नाव आधीच छापलेलं होतं, त्यामुळं मला व्यासपीठावर बसवणं त्यांना भाग पडलं. मागून वार नको म्हणून मी आदल्या दिवशी सरांना भेटून सांगितलं होतं की मला बोलायला उभं केलंत तर खरं तेच बोलेन. त्यांना ते खरं वाटलं नसावं. म्हणाले, आभाराची दोन वाक्यं बोल आणि बस.

हॉल भरला होता. मंत्री आलेच नाहीत, अध्यक्ष होते. दादासाहेबांच्या फोटोला हार घातला. माझी पाळी आली. मी म्हटलं, ही बुरशी आपल्या खुलताबादच्या डोंगरावरची आहे, याचा मला अभिमान आहे, पण हा वंश नवा नाही. शंभर वर्षांपूर्वीच त्याला नाव मिळालंय. एवढं होतंय तोच माईक बंद पडला. पडला म्हणजे पाडला. पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. सर हातानं बस बस करत होते. आत्या, मी खुर्चीकडं बघितलं. वाटलं, बसून टाकावं, सांगितलं तेवढं पुरे.

तेवढ्यात हॉलच्या अगदी शेवटून बाबांचा आवाज आला. आवाज येत नाही अश्लेषा, मोठ्यानं सांग. मी मान वर करून बघितलं तर ते उभे होते, तुझ्या-माझ्या माहितीतले तेच बाबा, जे मला जन्मभर हळू बोल म्हणत आले. सगळा हॉल त्यांच्याकडं वळला. ते बसले नाहीत. मग मी माईक बाजूला सारला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, सिलोनच्या डॉक्टरसकट. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. अध्यक्ष मधूनच उठून गेले. माझं बोलून झालं तेव्हा मी बसले नाही, जिना उतरून सरळ बाहेर आले.

बाबांनी स्कूटर सुरू केली आणि गुलमंडीवर भजी खायची का एवढंच विचारलं. मी दोन प्लेटी खाल्ल्या.

आज कॉलेजचं पत्र आलं, यायची गरज नाही म्हणून. सरांनी मार्गदर्शकपद सोडल्याचं विद्यापीठाला कळवलंय. आता नवा मार्गदर्शक मागावा लागेल, वर्ष-दोन वर्षं मागं पडेन. लोभ कमी झाला नसेल तर एक मोठं पत्र लिही.

तुझी
अश्लेषा


अंबाजोगाई
दि. २६ जानेवारी २०२५

चि. अश्लेषास पोटभर आशीर्वाद.

मोठं पत्र मागितलंस, पण मला आज लिहवत नाही. तुझं पत्र तीनदा वाचलं. एकाच गोष्टीची हळहळ वाटते. मी तिथं असते तरी मला काही ऐकू आलं नसतं. पण श्रीरंग उभा राहिलेला दिसला असता.

वर्ष-दोन वर्षं गेली तर जाऊ देत. मार्गदर्शक सोडून गेला म्हणून लिहायचं थांबू नकोस. लेख तुझा तू लिही आणि तुझ्या एकटीच्या नावानं पाठव.

तुझी
आत्या


पुंडलिकनगर
दि. ५ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

विद्यापीठानं दुसऱ्या बाई मार्गदर्शक म्हणून दिल्या. कडक आहेत, पण काही दाखवलं की आधी बघतात, मग बोलतात. पोटापाण्यासाठी अकरावी-बारावीच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतेय. पोरांना बुरशीत काडीचा रस नाही, मी तरी सांगते.

लेखाचं ऐक. मी पाठवला आणि तो तपासला जात होता, एवढ्यात सरांनी त्यांचा लेख पैसे घेऊन छापणाऱ्या एका मासिकात उरकून टाकला. नवा वंश, दादासाहेबांच्या नावाचा. नमुना म्हणून माझंच पान दाखवलं, दगडाबाईंच्या बांधावरचं. ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग नियम उघडून बसले. आमच्याकडं नियम असा आहे की नाव एकदा रीतसर छापलं की ते खोडता येत नाही. चुकीचं ठरलं तरी खऱ्या नावाच्या खाली ते कायम लिहावं लागतं, या बुरशीला चुकून असंही म्हटलं गेलं होतं, अशा अर्थानं. जगात जो कुणी ही बुरशी अभ्यासेल त्याला ते वाचावं लागेल. मी लेखात तेवढी ओळ वाढवली. वर मेलॅनोथायरिस, आणि खाली दादासाहेबांचं नाव.

लेख गेल्या आठवड्यात छापून आला. वंश पुन्हा उभा राहिला. माझ्या जातीला मी खुलताबादचं नाव दिलं.

परवा सरांचा फोन आला. आवाज पडलेला होता. म्हणाले, अध्यक्ष फार दुखावलेत, वडिलांचं नाव असं चुकीच्या रकान्यात कायमचं बसलं. ती ओळ काढून घे, बाकी सगळं मी बघतो. मी म्हटलं, सर, ती ओळ माझ्या हातात नाही. नाव तुम्ही छापलंत. मी फक्त त्याची जागा दाखवली. फोन ठेवल्यावर मला वाटलं होतं आनंद होईल. तसा झाला नाही. मायक्रोस्कोपवर पहिल्यांदा डोळा लावायला मला सरांनीच शिकवलं होतं. पण ओळ काढणार नाही.

तुझा लोभ आहे, म्हणून एवढं ताठ उभं राहता येतं.

तुझी
अश्लेषा


पुंडलिकनगर
दि. १२ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
श्रीरंगचा सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी अध्यक्षांचा माणूस घरी आला, हातात फाइल घेऊन. मला म्हणाला, काका, तुम्ही वडीलधारे आहात, मुलीला समजवा. दोन्ही वंश वेगळे आहेत एवढं तिनं लिहून द्यावं, पुढच्या महिन्यात कायम नेमणुकीची ऑर्डर निघेल. मी म्हटलं, तिला समजवायचा माझा विचार गेल्या डिसेंबरात होता. तेव्हापासून मलाच समजत चाललंय. त्याला ते कळलं नाही. त्यानं कागद टेबलावर ठेवला आणि वर पेन ठेवलं.

अश्लेषा आतून आली. मला वाटलं ती भांडेल. तिनं कागद जरा बाजूला सरकवला, मायक्रोस्कोप पुढं ओढला, स्लाइड लावली आणि त्याला म्हणाली, आधी बघा, मग कागदाचं बोलू. तो म्हणाला, मॅडम, मला त्यातलं काय कळतं? ती म्हणाली, बाबांनाही कळत नव्हतं. तो उभाच राहिला. घड्याळात बघितलं, कागद फाइलीत घातला आणि निघाला. पेन विसरला होता, ते मी फाटकापर्यंत पळत जाऊन दिलं. कुणाचं काही ठेवून घ्यायचं नाही.

हिनं पोरीला विचारलं की कायम नोकरी होती, मनात काहीच आलं नाही का. पोरगी म्हणाली, आलं. मग भाजी चिरायला बसली.

मायक्रोस्कोप गेल्या डिसेंबरापासून टेबलावरच आहे. आम्ही आता ताटं घेऊन खाली बसतो. येईल त्याला बुरशी दाखवायचं काम मी अंगावर घेतलंय. दूधवाल्यानं बघितली. गॅसवाला फकिरा तर सिलिंडर खांद्यावरून उतरवून दहा मिनिटं बघत होता, त्याला ती चांदणी फार आवडली. शेजारच्या कृष्णाची सगळी पोरं रांग लावून बघून गेली. डोळा लावायला नाही म्हणणारा अजून तरी तो फाइलवाला एकटाच निघाला.

तू केव्हा येतेस? लोभ आहे तो इथं येऊन दे, टपालानं आता पुरत नाही.

तुझा
श्रीरंग